मदत हवी आहे : बेदाणा शेडमधल्या त्रासाची तक्रार महिला आयोगाकडे करायची का?

तासगावकर : तालुक्यातल्या एका बेदाणा शेडवर सात बायका रोजंदारीनं निवडणीला जातात. मुकादम त्यातल्या एकीच्या दीड महिन्यापासून मागं लागलाय. अंगचटीला येतो, रात्री फोन करतो. मालक म्हणतो, "बायका मुकादमाच्या, माझ्या नाहीत." राज्य महिला आयोगाला अर्ज देतोय. आयोग कारवाई करेल ना?

मिरज जंक्शन : अर्ज द्या, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. आयोग १९९३ च्या राज्य कायद्यानं आला. तो अहवाल मागवतो, शिफारस करतो. शिक्षा देत नाही. ओडिशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की पक्षकारांचे हक्क ठरवणं राज्य महिला आयोगाच्या अधिकारात बसत नाही.

तुमचा कायदा २०१३ चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा. दहापेक्षा कमी माणसं असली की तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे (कलम ६). माणसं दहा किंवा जास्त भरली तर मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते, नाहीतर ५०,००० पर्यंत दंड. आणि ती नेमलीच नसेल तरी तक्रार स्थानिक समितीकडेच. मालकाचं म्हणणं टिकत नाही. रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा कायद्यानं 'कर्मचारी'च.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी तीन. आयोगाच्या उत्तराची वाट बघण्यातच हे दिवस जातात.

कृष्णाकाठ : अर्ज तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या तक्रारी घ्यायला नेमलेला अधिकारी) द्या, त्यानं सात दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो. किंवा थेट सांगलीत विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात. सहा प्रती लागतात, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. सातवी प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या, नाहीतर पुढं "अर्ज मिळालाच नाही" ऐकावं लागतं.

"मुकादम त्रास देतो" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, चाळणीपाशी की वजनकाट्यापाशी, काय केलं, काय बोलला, बाजूला कोण होतं, सगळं लिहा. फोनमधली कॉलची यादी पुसू नका. पैसे घेऊन मिटवायला कुणी सांगेल. कलम १० प्रमाणे पैशावर तडजोड चालत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम ७५ आहेच, दोन्ही एकदम चालतं.

तासगावकर : तिला सही येते, लिहिता येत नाही.

मिरज जंक्शन : मग समितीनंच लिहायला मदत करायची, कलम ९ मध्ये तसं बंधन आहे. फक्त सही करण्याआधी अर्ज तिला मोठ्यानं वाचून दाखवा.