एल्साच्या आईवडिलांचं चुकलंच

निळीशाई:
डिस्नेचा 'फ्रोझन' (2013) हा ॲनिमेशनपट परवा लेकीबरोबर पुन्हा पाहिला. त्यातल्या राजकन्या एल्साच्या हातांतून बर्फ निघतो, हीच तिची शक्ती. आईवडील समुद्रात बुडाल्यावर धाकटी ॲना बहिणीच्या दाराशी येऊन बसते, हाका मारते. आत एल्सा त्याच दाराला पाठ टेकून बसलेली, खोलीभर बर्फ. मध्ये फक्त एक फळी! ही पोर शक्तीमुळे एकटी पडली नाही, तिला एकटं पाडलं. ट्रोलांचा, म्हणजे त्या जादुई बुटक्यांचा, म्हातारा बजावतो की शक्ती वाढत जाणार आणि भीतीच तिची वैरी होणार. तरी राजा काय करतो? वेशी बंद, नोकरचाकर कमी, सख्ख्या बहिणीचीही भेट बंद.

वाटसरू:
इतकं सोपं नाही हो. लहानगी ॲना तिच्या हातून मरता मरता वाचली होती. त्या रात्री बापाच्या जागी तुम्ही काय केलं असतं? त्यांनी तिला टाकलं नाही. पुढे ते जवळ घ्यायला गेले तेव्हा तीच घाबरून मागे सरली. आणि शक्ती उघड होताच पाहुणा आलेला वेसलटनचा ड्यूक (परक्या राज्याचा सरदार) तिला राक्षसीण म्हणाला, हे विसरलात? अशा लोकांपासून लेकीला झाकावंसं वाटणारच.

निळीशाई:
ती रात्र मान्य. पण पुढची दहा वर्षं? एकदा तरी मोकळ्या माळावर नेऊन 'कर बरं बर्फ' म्हणायचं होतं. राज्याभिषेकाला, शक्ती झाकायला बापाने दिलेले हातमोजे काढून राजदंड धरावा लागतो, तेव्हा कशी थरथरते ती! हातातल्या सोन्यावर हिम चढायला लागतं.

सांजवात:
ते हातमोजे मला बघवत नाहीत. बाराव्या वर्षी मला 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात बसवलं. वेगळं ताट, वेगळी चटई. धाकटा भाऊ धावत आला तर मीच ओरडले, 'शिवू नकोस!' कुणी शिकवावं लागलं नाही. वाटसरू, एल्सा मागे सरली ती अशी.

वाटसरू:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मागे सरली याचा दाखला मी आईबापांच्या बाजूने दिला, तो मागे घेतो. पण ते दुष्ट नव्हते, घाबरलेले होते, एवढं मी धरून राहणार. आणि दुसऱ्या भागात (2019) राज्य ॲनाला देऊन एल्सा जंगलात राहते, ते तरी मोकळं होणं आहे का? मला ते पुन्हा दूर जाणंच वाटतं.

सांजवात:
नाही पटत. तिकडे ती मोजे घालत नाही. आणि ॲनाकडे येणंजाणं चालू आहे.