मदत हवी आहे : स्पिनलॉक सोडून मेमरी मागणारा पॅच मान्य करावा का?

नमस्कार,

लिनक्स कर्नलमधील एका फाइलसिस्टीमच्या कॅशेच्या नोंदी सांभाळणाऱ्या कोडमधला एक बदल माझ्याकडे रिव्ह्यूसाठी आला आहे. मूळ कोडमध्ये स्पिनलॉक (धरलेला असताना थ्रेडला झोपता येत नाही असा लॉक) धरूनच रेड-ब्लॅक ट्रीमध्ये (नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या वृक्षरचनेत) नोंद शोधली जाते आणि ती नसल्यास केमॅलॉकला (मेमरी मागणाऱ्या फंक्शनला) जीएफपी_ॲटॉमिक हा, न थांबता मेमरी मागणारा फ्लॅग देऊन नवी तयार केली जाते. मेमरीची चणचण असताना ही मागणी वारंवार फसते, ही पॅच लिहिणाऱ्याची तक्रार रास्त आहे. उपाय म्हणून त्याने लॉक सोडून जीएफपी_कर्नलने (गरज पडल्यास थांबू शकणाऱ्या मागणीने) मेमरी घेतली आहे, लॉक पुन्हा धरला आहे, आणि मधल्या वेळात तीच नोंद दुसऱ्या कोणी घातलेली आढळल्यास आपली नोंद केफ्रीने परत केली आहे.

एक दोष उघड आहे. नोंद कुठे जोडायची ते दाखवणारे पॅरेंट आणि लिंक हे पॉइंटर पहिल्या शोधात काढलेले आहेत. दुसरी तपासणी करणारे फंक्शन नोंद आहे की नाही एवढेच सांगते, आणि आरबी_लिंक_नोडला (ट्रीला नोड जोडणाऱ्या फंक्शनला) मात्र जुनेच पॉइंटर दिले जातात. लॉक सुटलेला असताना तो पॅरेंट नोड ट्रीमधून काढून केफ्रीही झालेला असू शकतो. हे मी लेखकाला कळवणारच आहे.

मदत हवी आहे ती दुसऱ्या मुद्द्यावर. हे फंक्शन वापरणाऱ्या एका कॉलरने संपूर्ण फाइलसिस्टीमसाठी एकच असलेला म्युटेक्स (वाट पाहताना थ्रेडला झोपू देणारा लॉक) आधीच धरलेला असतो, आणि आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) कॅशेतून बाहेर काढतानाही तोच म्युटेक्स घेतला जातो. जीएफपी_कर्नलची मागणी डायरेक्ट रिक्लेममध्ये (मागणाऱ्या थ्रेडनेच मेमरी मोकळी करण्यात) शिरली आणि तिथून श्रिंकरने (कॅशे कमी करणाऱ्या कोडने) आयनोड काढायला घेतले, तर तो थ्रेड स्वतःच धरलेल्या म्युटेक्सची वाट पाहत कायमचा अडकेल, असे मला दिसते. लेखक म्हणतो की लॉकडेप (लॉक घेण्याच्या क्रमातील चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू ठेवून सगळ्या चाचण्या केल्या आणि एकही इशारा आला नाही. लॉकडेपचे हे मौन पुरावा मानावे का? आणि जीएफपी_नोएफएस (रिक्लेमला फाइलसिस्टीममध्ये शिरू न देणारा फ्लॅग) वापरा, एवढे सांगणे पुरेसे आहे का?

प्रतिसाद १

तुमची शंका बरोबर आहे. लॉकडेपला साखळीचे दोन्ही दुवे दिसावे लागतात. म्युटेक्स धरून रिक्लेम करू शकणारी मागणी झाली, हा दुवा प्रत्यक्ष रिक्लेम न होताही नोंदला जातो. मात्र रिक्लेमच्या आतून तोच म्युटेक्स घेतला गेला, हा दुवा तसे खरोखर घडेपर्यंत नोंदला जात नाही, आणि भरपूर रॅम असलेल्या यंत्रावर ती वेळ सहसा येत नाही. लेखकाला कमी रॅमच्या व्हर्च्युअल मशीनवर, असंख्य लहान फाइली उघडत-मिटवत आणि मेमरीवर ताण देत चाचणी करायला सांगा. केस्वॅपडीने (पार्श्वभूमीवर रिक्लेम करणाऱ्या कर्नल थ्रेडने) एकदा जरी तो म्युटेक्स घेतला तरी इशारा येईल. खरा डेडलॉक व्हावा लागत नाही.

जीएफपी_नोएफएसने डेडलॉक टळेल, पण बाकीच्या कॉलरवर विनाकारण बंधन येईल आणि ते कशासाठी आहे हे पुढच्या वाचणाऱ्याला कळणार नाही. २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत मेमॅलॉक_नोएफएस_सेव्ह आणि रिस्टोर (या दोहोंमधल्या सगळ्या मागण्या नोएफएस करणारी जोडी) आले ते याचसाठी. त्या एका कॉलरमध्ये म्युटेक्स घेताना सेव्ह आणि सोडताना रिस्टोर करायला सांगा, आतली ओळ जीएफपी_कर्नलच राहू द्या.

तुम्ही विचारलेले नाही, तरीही मागणी फसल्यावर फंक्शन लॉक पुन्हा धरून परतते का, ते पाहा. इतक्या लहान आकाराची जीएफपी_कर्नल मागणी जवळपास कधीच फसत नसल्याने ही वाट चाचणीत येत नाही. फेलस्लॅबने (चाचणीसाठी मेमरीची मागणी फसवणाऱ्या कर्नलच्या सोयीने) ती मुद्दाम फसवावी लागते.

धागाकर्ता

आभारी आहे. ईनोमेम (मेमरी न मिळाल्याचा त्रुटी-संकेत) परतवताना लॉक धरलेला नाही आणि कॉलर पुढे तो सोडायला जातो, म्हणजे तिसरा दोष निघाला. म्युटेक्स घेण्यापूर्वीच कॉलरने नोंद तयार करून आत द्यावी, असे सुचवले तर?

प्रतिसाद १

तिथे बहुतेक वेळा नवी नोंद लागत असेल तर जरूर सुचवा, सेव्ह-रिस्टोरची गरजच उरणार नाही. नोंद बहुधा आधीच सापडत असेल तर मात्र प्रत्येक फेरीत एक केमॅलॉक आणि एक केफ्री फुकट जाईल, तेव्हा आधी लेखकाकडून ते प्रमाण मोजून घ्या.