गाव सुटलेल्या म्हातारपणाला सोबत कशी मिळाली

निवेदन आणि पहिला अनुभव (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

आमच्या गावात सध्या तीन घरांना कुलूप आहे, कारण त्या घरांतली म्हातारी माणसे कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहायला गेली आहेत. दुसरीकडे आपल्याच विदर्भात असेही वृद्ध आहेत, जे दुसऱ्या देशातून इथे आले आणि इथेच म्हातारे झाले. दोघांच्या एकटेपणात बरेच साम्य आहे असे मला वाटते, म्हणून दोन्हीकडचे अनुभव मागते आहे. ‘त्यांना वेळ द्यावा’ एवढेच न लिहिता, आपण नेमके काय केले, त्यातले काय फसले आणि काय लागू पडले, ते कृपया लिहावे. सुरुवात मी करते.

वडील गेल्यानंतर भावाने आईला कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला नेले. आईवडिलांसाठी कॅनडाचा जो सुपर व्हिसा आहे, त्यावर जुलै 2022 पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र सरकारी आरोग्य विमा मिळत नाही आणि किमान एक लाख डॉलरचे संरक्षण देणारा खाजगी विमा काढावा लागतो. हा खर्च आईच्या कानावर गेला आणि तेव्हापासून तिने गुडघ्याचे दुखणेसुद्धा लपवायला सुरुवात केली. भाऊ-वहिनी सात वाजता कामाला जात, नातू शाळेत जाई आणि बाहेर बर्फ. भावाने मराठी वाहिन्या लावून दिल्या, तिला मोठी खोली दिली, स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. त्याची माया खरी होती, पण ज्या बाईने चाळीस वर्षे मजुरांच्या भाकरी थापल्या, तिला त्याने पाहुणी करून ठेवले. एकदा फोनवर ती म्हणाली, “सकाळपासून मले कोणी आवाज देल्ला नाही, बाई.” त्या एका वाक्यामुळे मी दोन महिने तिथे जाऊन राहिले.

तिथे पाहिले की ती रोज दुपारी वाती वळत असे. औषधाच्या दुकानातल्या कापसाचा धागा आखूड, त्यामुळे वात मध्येच तुटे; मग ती बोट दुधात बुडवून, कापूस पुन्हा पिंजून, तळहातावर हलकेच पीळ देत असे. आपल्या शेतातला कापूस कसा लांब सुटतो, हे ती कापसालाच सांगत बसे. वळलेल्या वाती एका डब्यात साठत होत्या आणि त्यांचे पुढे काहीच होत नव्हते. आम्ही तो डबा जवळच्या मंदिरात नेऊन दिला, तेव्हा तिथल्या व्यवस्थापक बाईंनी दर आठवड्याला शंभर फुलवाती लागतील असे सांगितले. त्या दिवसापासून तिच्या आठवड्याला वार आला. शुक्रवारी वाती पोचल्या पाहिजेत, म्हणून गुरुवारी तिला उसंत नसे. मंदिरात तिला एक पंजाबी आजी भेटल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी तासभर गुडघ्यांविषयी बोलतात. गुडघा दाखवायला डॉक्टरकडे जायचे कबूल केले तेही त्या आजींमुळेच, आमच्या सांगण्यामुळे नाही.

दर्यापूर तालुक्यातली सून, सध्या टेक्सास

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. इथे आल्यावर वर्षभर त्यांचे पोट दुखत होते, भूक गेली होती आणि पहाटे तीन वाजता झोप मोडत होती. सगळ्या तपासण्या नीट आल्या. चूक आमची अशी की प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर माझे पतीच दुभाषी म्हणून बसत. मुलासमोर बाप ‘मला इथे जगावेसे वाटत नाही’ असे कसे सांगणार? अमेरिकेत ज्या दवाखान्यांना केंद्र सरकारचा निधी मिळतो, त्यांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाषी मोफत दिला पाहिजे असा नियम आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. पुढच्या भेटीला आम्ही बाहेर थांबलो आणि फोनवरून मराठी दुभाष्या बाई बोलल्या. दहा मिनिटांची भेट चाळीस मिनिटे चालली. निदान नैराश्याचे झाले, औषध सुरू झाले आणि दोन महिन्यांत पोटदुखी कमी झाली.

आणखी एक गाठ कागदपत्रांची होती. ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, घेतलेल्या माणसाने सलग वर्षभर बाहेर राहिले तर ते गमावण्याची वेळ येऊ शकते, म्हणून आम्ही त्यांना गावी पाठवायला भीत होतो. आता ते दिवाळीच्या आधी जातात, तूर घरात आली की परत येतात. सहा महिन्यांच्या आतच. परतीचे तिकीट हातात असले की त्यांना इथले दिवस जड जात नाहीत.

मुलचेरा तालुका, जिल्हा गडचिरोली, आरोग्यसेविका

परदेशातून आलेले वृद्ध म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना आमच्या भागात वसवले गेले, तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्या वेळी तरुण असलेल्या बायका आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांची मुले मराठी बोलतात, नातवंडे तर माझ्यापेक्षा शुद्ध लिहितात. पण त्या स्वतः अजूनही नदीकाठच्या गावाचे स्वप्न बंगालीतच पाहतात.

अशाच एका आजींचा रक्तदाब मी दर महिन्याला मोजत असे. तो कधीच आटोक्यात नसे आणि गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडलेल्या असत. वस्तीतली शेवटची समवयस्क बाई वारल्यावर त्यांनी बोलणेच सोडले होते. घरात सहा माणसे होती, पण त्यांच्या लहानपणीचा घाट, होडी आणि फाळणीनंतरचा रस्ता ठाऊक असलेले कोणी उरले नव्हते. मला बंगाली येत नव्हते. मी त्यांच्याकडूनच दर भेटीला चार शब्द शिकायचे ठरवले. पहिल्या दिवशी ‘केमोन आछेन’ (कशा आहात) असे विचारले, तर त्यांनी माझा उच्चार तीनदा सुधारून घेतला आणि मगच हात पुढे केला. आता त्या माझी परीक्षा घेतात. गोळी घेतली का हे मी विचारण्याआधीच रिकामी पट्टी दाखवतात, कारण त्यानंतर शिकवणी सुरू होते. पुढे त्यांच्या नातीने आजीच्या तोंडून पिठे या बंगाली पक्वान्नाच्या कृती आणि हरिनामाची पदे वहीत उतरवून घेतली. मी केवळ निमित्त झाले, खरे काम त्या मुलीने केले.

अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया, किराणा दुकानदार

गोठणगावजवळच्या प्रतापगड भागात 1972 पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात तिथली कमावती माणसे लोकरीचे कपडे विकायला शहरांत जातात, तेव्हा वृद्ध मंडळी मागे राहतात. माझ्या दुकानात येणारे एक आजोबा साखर थोडी थोडी, पण रोज नेत. महिन्याची एकदम न्या, स्वस्त पडेल, असे मी एकदा सांगितले आणि मग ते चार दिवस आलेच नाहीत. तेव्हा मला समजले की साखर हे फक्त यायचे कारण होते. आता मी त्यांच्यासाठी बाहेर बाकडे ठेवले आहे आणि ते आले नाहीत तर दुपारी मुलाला चौकशीला पाठवतो. माझ्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे.

अकोट तालुका, जिल्हा अकोला, वय 74

आतापर्यंत मुले, सुना आणि सेविका यांनी लिहिले. मी त्या वृद्धांपैकीच एक आहे आणि पाच वर्षे मेलबर्नला राहून आलो आहे. पहिल्या वर्षी मृग लागला म्हणून मी मुलाच्या परसात भेंडी लावली. जूनमध्ये तिथे थंडी असते, हे डोक्याला माहीत होते, पण हाताला माहीत नव्हते. एकही दाणा वर आला नाही आणि त्या आठवड्यात मला प्रथमच आपण निकामी झालो असे वाटले. मुलगा म्हणाला, “बाबा, बाजारात भेंडी मिळते.” त्याचा हेतू चांगला होता, परंतु मला भेंडी खायची नव्हती.

शेवटी मार्ग दाखवला तो नातवाने. त्याने माझ्याबरोबर एकाच बसने तीन वेळा प्रवास केला. पहिल्यांदा त्याने सगळे सांगितले, दुसऱ्यांदा मी सांगितले, तिसऱ्यांदा तो मागच्या बाकावर बसला आणि मी एकटाच असल्याप्रमाणे उतरलो. त्या बसने सामूहिक बागेपर्यंत जाता येत असे. तिथे ग्रीक आणि व्हिएतनामी म्हातारे वाफे सांभाळत होते, म्हणजे माझ्यासारखेच गाव सोडून आलेले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी मला एक वाफा दिला आणि त्यात भेंडी आली. वखराची पास, म्हणजे त्याचे लोखंडी पाते, कशी असते हे मी त्यांना काठीने मातीत काढून दाखवले. मुलांना माझी विनंती आहे, आम्हाला सगळीकडे गाडीने नेऊ नका. एक रस्ता आमच्या पायाखाली येईल असे करा. आणि ऐकू कमी येत असेल तर कानाचे यंत्र आधी करून द्या, कारण परकी भाषा अर्धवट ऐकू आली की माणूस हसून मान हलवतो आणि हळूहळू उठबस सोडतो. माझे तसेच झाले होते.

चांदूर बाजार तालुका, जिल्हा अमरावती, गावी राहिलेली मुलगी

परदेशी गेलेल्या आईला मी रोज फोन करून “जेवलीस का?” विचारत होते. ती “हो” म्हणे आणि बोलणे संपे. हल्ली मी संत्र्याच्या बागेचे प्रश्न तिच्यापुढे ठेवते: आंबिया बहारासाठी पाणी कधी तोडायचे, कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागला. झाडांचे फोटो पाठवते. मागच्या आठवड्यात तिने मला चांगलेच रागावले, कारण मी खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायला उशीर केला होता. कित्येक महिन्यांत तिचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता.

निवेदिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कोणाच्या वडीलधाऱ्यांची झोप, भूक आणि बोलणे एकाच वेळी कमी झाले असेल, तर कृपया ते वयावर ढकलू नये. भारतात असाल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनी आहे. मेलबर्नच्या काकांचे वाचून मी आईला विचारले की मंदिरापर्यंत एकटी जाशील का. ती म्हणाली, पंजाबी आजींनी तिला दोन थांबे आधीच दाखवून ठेवले आहेत. आता बर्फ वितळायची वाट पाहते आहे.