डोंबिवली सोडून नागपूरला फ्लॅटमध्ये गुंतवणूक, जमेल का?

लोकलला_कंटाळलेला: नमस्कार मंडळी, डोंबिवलीत भाड्याने राहतो, नोकरी आता पूर्ण वर्क फ्रॉम होम झालीय. साठलेत १२ लाख, इथे तेवढ्यात काही होत नाही. बायकोचं माहेर नागपूर, सासरे म्हणतात बेसा साइडला ४० लाखात टू बीएचके मिळतोय, तो घेऊन भाड्याने द्या आणि तुम्ही आमच्याकडे राहा, मग दोन-तीन वर्षांत दुसरा घेऊ. कोणी केलंय का असं?

हिशेबी_काका: भाडं किती येणार ते विचारलंत का? समजा ११ हजार. ३२ लाखांचं लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता जातो पावणेअठ्ठावीस हजारांवर, म्हणजे महिन्याला जवळजवळ १७ हजार पदरचे, मेंटेनन्स वेगळा. त्यात नागपूर शहरात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, २ लाख ८० हजार झाले, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. डाउन पेमेंट धरून ११ लाख उडाले की हो, पंखे कशातून लावणार? फक्त वहिनींच्या नावावर घ्या, १ टक्का सूट आहे, ४० हजार वाचतील. दुसऱ्या फ्लॅटचं तूर्त विसरा.

वर्धा_रोडवाला: या ना भाऊ, पण आरएल, म्हणजे जागा नियमित झाल्याचं रिलीज लेटर, पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. इकडे गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचे, लेआउट भरपूर, एजंट मिहान (विमानतळाजवळचा मोठा उद्योग प्रकल्प) दाखवते, मेट्रो दाखवते, आरएलचं विचारलं की म्हणते "येऊनच राहिलं". मी प्लॉट घेऊन बसलो ना असाच, चार वर्षं झाली, अजून येऊनच राहिलं, बँक लोन द्यायला तयार नाही. आणि एक, ग्राउंड फ्लोअर घेत असाल तर २३ सप्टेंबर २०२३ ला त्या गल्लीत पाणी किती होतं ते शेजाऱ्याले विचारा, बिल्डरले नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा लोकांचे फ्रिज तरंगत होते.

माहेर_अकोला: आधी एक मे महिना काढा तिथे मग बोला 😄 कूलरसमोर बसून मीटिंग घेतलीये का कधी? समोरच्याला वाटतं हेलिकॉप्टरमधून बोलतोय.

लोकलला_कंटाळलेला: काका, तो १७ हजारांचा हिशेब बायकोला दाखवला. ती म्हणाली त्यात घरभाडं पण धर, मी माहेरी दोन वर्षं राहणार नाही, बाबांनी मला विचारलंच कुठे.