सामी भाषांमध्ये बर्फाला एवढे शब्द आले कुठून?

रानपाखरू:
मंडळी एक शंका आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या पार उत्तरेला जे सामी लोक रेनडिअर पाळतात त्यांच्याकडे बर्फाला शेकडो शब्द आहेत असं कुठेकुठे वाचायला मिळतं. आपण स्नोला पण बर्फ म्हणतो नि फ्रिजमधल्याला पण बर्फच, आणि तोही फारसीतून आलेला. मग यांनी एवढे शब्द स्वतः घडवले की शेजाऱ्यांकडून उचलले? का एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द आहेत असं फुगवून सांगतात, तसाच हा पण फुगा?

ध्वनीवेडा:
फुगा नाही. ओले हेन्रिक मग्गा, जे नॉर्वेतल्या सामी संसदेचे पहिले अध्यक्ष होते आणि स्वतः भाषातज्ज्ञ आहेत, ते बर्फ आणि हिमासाठी १७५ ते १८० मूळ धातू सांगतात, त्यावर प्रत्यय लागून आकडा हजाराच्या घरात जातो. पण आकड्यात काय ठेवलंय, खरी मजा मुळात आहे. सामी भाषा उरालिक कुळातल्या. उत्तर सामीत गोठलेल्या पाण्याला 'येक्ङा', फिनिशमध्ये 'या', हंगेरियनमध्ये 'येग', तिन्ही एकाच मुळाचे. दक्षिण सामीत पडलेल्या बर्फाला 'लोप्मे' तर फिनिशमध्ये 'लुमी', हेही तसंच. म्हणजे हा थर घरचाच, हजारो वर्षं जुना.

कोकणकडा:
आणि बाकीचे??

ध्वनीवेडा:
काही स्कँडिनेव्हियन शेजाऱ्यांकडून आले असणार. मूळ उरालिकमध्ये शब्दाची सुरुवात जोडाक्षराने व्हायचीच नाही, त्यामुळे 'स्कार्ता' (जमिनीला चिकटलेला बर्फाचा कडक थर) असला शब्द दिसला की तो बाहेरचा असावा असा संशय येतो. तिसरा थर मात्र भारी आहे. सामी भाषेची पूर्वज भाषा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत दक्षिणेकडून वर लॅपलंडमध्ये, म्हणजे सामी लोकांच्या या उत्तरेकडच्या प्रदेशात पसरली, तिथे आधीपासून कोणीतरी राहात होते, त्यांची भाषा पार नामशेष झाली पण तिथल्या निसर्गाचे बरेच शब्द सामीत उरले असं आंटे आयकिओ हे अभ्यासक मांडतात. या शब्दांना दुसऱ्या कुठल्याच भाषेत भाऊबंद सापडत नाहीत. वॉलरसचा 'मोर्शा' त्यातलाच म्हणतात.

हिमगौरी_नव्हे:
मूळ कुठलंही असो, शब्द टिकले ते रेनडिअरमुळे, हे विसरू नका. हिवाळ्यात मध्येच पाऊस झाला किंवा बर्फ वितळून परत गोठला की जमिनीवर आइसचं झाकण बसतं, त्याला 'चुओह्की' म्हणतात, खालचं शेवाळासारखं खाद्य म्हणजे लायकेन त्यात अडकतं, जनावराला वास येत नाही नि खूर मारून फुटत पण नाही, अख्खा कळप उपाशी. उलट तळाशी साखरेसारखा दाणेदार 'सेआङाश' असेल तर उकरायला सोपं आणि वितळवून प्यायला पाणी पण भरपूर. सगळ्यात आवडता शब्द मात्र 'गुओह्तुन', चरण्याच्या क्रियापदावरून आलेला. ते कुठल्या बर्फाचं नाव नाही, या बर्फातून जनावराला चारा कितपत मिळेल ते सगळं त्या एका शब्दात येतं.

कोकणकडा:
हे माहीतच नव्हतं. मग हवामान बदलून हिवाळ्यात पाऊस वाढला तर चुओह्की पण वाढणार ना?

हिमगौरी_नव्हे:
हो, तिकडे चिंता तीच आहे. चारा विकत आणून टाकावा लागतो मग.