बाहुली हलली नाही म्हणून डोळा गेला असं नाही

ताई, तुमच्या कॉकटीलचा (पोपटासारखा छोटा पाळीव पक्षी) डोळा गेला का, असं तुम्ही विचारलंत. त्याच्यावर मोबाईलचा टॉर्च मारला, बाहुली हलली नाही, म्हणून त्याला दिसत नाही असं धरू नका. पक्ष्यांच्या आयरिसमधले (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) स्नायू बऱ्याच अंशी त्यांच्या मर्जीने चालतात. घाबरला की गडी स्वतःच बाहुली लहानमोठी करतो. म्हणूनच कुत्र्यामांजरांना चालणारे बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिनचे थेंब इथे कुचकामी.

डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसिन नावाचा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात, कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) जखम असेल तिथे हिरवं चमकतं. डोळ्याखाली फुगलंय का तेही सांगा. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढवलं की अ जीवनसत्त्व कमी पडतं, सायनस (डोळ्याजवळची हवेची पोकळी) सुजतो आणि आपण डोळ्याला दोष देतो. शिंका, हिरवट विष्ठा असेल तर सिटॅकोसिस या पक्ष्यांच्या संसर्गजन्य आजाराची तपासणी मागा, तो माणसांनाही होतो. घरातले स्टेरॉइडचे थेंब मात्र अजिबात नकोत.

घोडबंदरहून निघण्याआधी दवाखान्यात पक्षी बघतात का, एवढं फोनवर विचाराच.