मदत हवी आहे: बहिणीचं चीनमधलं एमबीबीएस ऑनलाइन चालू आहे, पण कॉलेजची तिन्ही ॲप बंदीत गेली, आता क्लास कसा करायचा?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. लांबलंय थोडं, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही म्हणून लिहितोय.

माझी धाकटी बहीण चीनमध्ये जिआंगसू प्रांतात एमबीबीएस करते. २०१७ ला गेली, आता चौथं वर्ष चालू आहे. या जानेवारीत (२०२०) त्यांच्या नवीन वर्षाच्या सुट्टीत घरी आली, महिनाभरात परत जायचं म्हणून एका ट्रॉली बॅगेवर आली, पुस्तकं, तीन वर्षांच्या नोट्स, स्टेथोस्कोप, गादी-रजई सगळं तिकडं हॉस्टेलच्या खोलीत. मग कोरोना आला, २८ मार्चपासून चीनने बाहेरच्या लोकांना आत घेणंच बंद केलं, मधे जरा आशा वाटली तर आता नोव्हेंबरमध्ये भारतातून जाणाऱ्यांचं परत थांबवलं. तेव्हापासून ती इकडं उदगीरला घरीच आहे. मी पुण्यात नोकरीला, पण वर्क फ्रॉम होम असल्यामुळे मीही इथंच आहे, म्हणून हे सगळं रोज डोळ्यांनी बघतोय.

तिकडचे सकाळी आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. पोरगी पाचला उठते, स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून गच्चीच्या जिन्यात बसते कारण घरात त्याच एका कोपऱ्यात रेंज नीट येते. मांडीवर उशी, उशीवर वही, आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. आई चहा आणून पायरीवर ठेवते आणि न बोलता परत जाते, आवाज झाला तर माइकवर जातो म्हणून. मार्चपासून हे असंच चाललंय आणि तिने एक क्लास बुडवला नव्हता.

आता ॲपचं सांगतो. सुरुवातीला सगळं वुईचॅटवर होतं, म्हणजे चिन्यांचं व्हॉट्सॲपसारखं ॲप. क्लासचा ग्रुप तिथंच, सरांच्या सूचना तिथंच, नोट्स तिथंच, टाइमटेबल बदललं तरी तिथंच कळणार. १५ जूनला लडाखमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झटापटीत आपले २० जवान शहीद झाले आणि २९ जूनच्या रात्री ५९ ॲपवर बंदी आली. टीव्हीवर नुसतं टिकटॉक टिकटॉक चाललं होतं, पण त्याच यादीत वुईचॅट होतं, क्यूक्यू मेल होतं, बायडू ट्रान्सलेटसुद्धा होतं ज्याच्यावर ती हॉस्टेलच्या चिनी नोटिसा वाचायची. तरी फोनमध्ये आधीपासून असल्यामुळे वुईचॅट महिनाभर चाललं. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी आपोआप लॉगआउट झालं, परत आत घेतलंच नाही. ग्रुप गेला, चॅट गेलं, वर्गातल्या बाकी देशांच्या मैत्रिणींचे नंबर गेले कारण नंबर असे कुणाचे घेतलेच नव्हते, सगळे वुईचॅटवरच. वुईचॅटच्या पाकिटात (त्यात पैसे ठेवायची सोय असते) तिचे साडेअकराशे युआन अडकलेत, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास. आणि तिचं चिनी सिम ती वुईचॅटवरूनच रिचार्ज करायची, ते रिचार्ज न झाल्यामुळे नंबरच बंद पडला, आता ओटीपी येणार कुठं?

मग कॉलेजने क्लास वूव मीटिंगवर घेतले, हे टेन्सेंट या चिनी कंपनीचं व्हिडिओ मीटिंगचं ॲप. २ सप्टेंबरला ११८ ॲपची यादी आली, पेपरात पबजी पबजी, आणि त्याच यादीत वूव. मग कॉलेज म्हणालं डिंगटॉक घ्या, हेही क्लास-मीटिंगचं चिनी ॲपच. डिंगटॉकवर दोन महिने छान चाललं, लेक्चर परत बघता यायचं, वहीचे फोटो टाकून असाइनमेंट देता यायची. २४ नोव्हेंबरला ४३ ॲपची तिसरी यादी आली आणि त्यात डिंगटॉक. त्या रात्री ती माझ्याकडे आली आणि फक्त एवढंच म्हणाली, दादा हेपण गेलं. मला काय बोलावं सुचलं नाही.

मी स्पष्ट सांगतो, बंदी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. आमच्या गल्लीतली दोन पोरं फौजेत आहेत, देशाच्या सुरक्षेचा विषय असेल तर ॲप गेलं पाहिजे. पण या २०२० साली चीनमध्ये शिकणारी आपली २३ हजारांच्या वर मुलं आहेत, त्यातली बहुतेक डॉक्टरकीची, आणि त्यांची वर्गखोलीच या ॲपच्या आत होती. यादी करताना या मुलांसाठी एखादी वाट ठेवायला पाहिजे होती असं मनापासून वाटतं. वडिलांनी शेतावर कर्ज काढून फी भरलीय, आम्हाला गंमत म्हणून ॲप नकोय.

सध्याची परिस्थिती (डिसेंबर २०२०): डिंगटॉक जिओवर उघडत नाही. शेजाऱ्यांच्या ब्रॉडबँडवर कधी उघडतं कधी नाही. अटेंडन्स ॲपमध्येच लागते, लाइव्ह किती मिनिटं बघितलं तेसुद्धा सरांना दिसतं. ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर परीक्षेला बसू देणार नाहीत असं सांगितलंय. गेल्या दोन आठवड्यांत तिचे ९ क्लास गेले. ज्या कन्सल्टन्सीतून ॲडमिशन घेतली ते म्हणतात व्हीपीएन (आपलं नेट दुसरीकडून फिरवून बंद ॲप उघडून देणारं ॲप) टाका, सगळे तेच करतात, आणि फोन ठेवून देतात.

माझे प्रश्न:

व्हीपीएन टाकून क्लास केला तर तो गुन्हा होतो का? उद्या तिला इथं परीक्षा देऊन डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशन करायचंय, पासपोर्ट रिन्यू करायचाय, कुठं काही नोंद लागली तर आयुष्याचं नुकसान.

कॉलेजकडून दुसरी सोय कुणी करून घेतलीय का? कशी?

आणि ते अडकलेले पैसे आणि वुईचॅटचं खातं, त्याचं काही होऊ शकतं का?

ज्यांच्या घरात अशीच मुलं आहेत त्यांनी कृपा करून लिहा.

– उदगीरकर

परभणीची_आई: दादा, वाचताना डोळ्यात पाणी आलं, आमच्याकडे जिन्याऐवजी देवघर आहे एवढाच फरक. माझा मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या प्रांतात. आम्ही काय केलं ते सांगते. एकेकट्याने मेल केले तर उत्तरच येत नव्हतं, मग त्याच्या बॅचच्या २२ भारतीय मुलांनी मिळून एकच पत्र केलं, सगळ्यांची नावं, रोल नंबर, सह्या, आणि सोबत आपल्या सरकारच्या तिन्ही प्रेसनोट जोडल्या. परदेशी विद्यार्थ्यांचं जे ऑफिस असतं त्यांना आणि डीनला दोघांना पाठवलं. तिकडच्या लोकांना खरंच माहीत नव्हतं की ॲप आपल्याकडे बंद झालंय, त्यांना वाटत होतं मुलं टाळाटाळ करतायत. आठ दिवसांनी उत्तर आलं. आता लेक्चर रेकॉर्ड करून मेलवर लिंक येते आणि अटेंडन्सऐवजी दर लेक्चरची दोन पानं लिहून पाठवायची. जड पडतं पण चाललंय. पत्र एकत्रच करा.

बार्शीलाइट: मी वकिली करतो, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं तेवढं सांगतो. ही बंदी आयटी कायदा २००० च्या कलम ६९अ खाली आहे. त्या कलमात आदेश दिला जातो तो मध्यस्थांना, म्हणजे ॲप स्टोअर, इंटरनेट देणाऱ्या कंपन्या वगैरेंना, आणि आदेश न पाळल्याची शिक्षा, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, तीसुद्धा मध्यस्थालाच लिहिलीय. फोनवर ॲप उघडणाऱ्या माणसाला त्या कलमात शिक्षा लिहिलेली नाही. व्हीपीएन वापरणं हाच गुन्हा आहे असाही कायदा आपल्याकडे नाही, कंपन्यांचे लोक रोज ऑफिसच्या कामाला वापरतात. पण म्हणून बंदी चुकवायला खुशाल वापरा असं मी लिहून देणार नाही, सरकारने जे बंद केलंय त्याला वळसा घालणं हा सरळ रस्ता नव्हे. ताईंनी सांगितलेला पत्राचा मार्ग आधी करा. आणि आजपासून कागद जमवा: क्लास उघडला नाही की तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट, कॉलेजला केलेला प्रत्येक मेल, आलेलं उत्तर. मुलीने टाळलं नाही, तिला शक्य नव्हतं, हे उद्या दाखवायला लागेल. तेव्हा तोंडी काही कामाला येत नाही.

निशिगंध: दादा एक कळकळीची विनंती, डिंगटॉकची एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) कुठल्याही साइटवरून उतरवू नका. प्ले स्टोअरवरून ॲप गेलं की अशा साइटवर त्याच नावाच्या दहा फाइली येतात आणि त्यात काय भरलेलं असतं कुणालाच माहीत नसतं. फुकटचं व्हीपीएनही तसंच, तुमचा सगळा डेटा त्या अनोळखी कंपनीतून जातो, आणि त्याच फोनवर बाबांचं बँकेचं ॲप असेल तर विचार करा. जिओवर नाही पण ब्रॉडबँडवर उघडतं याचं कारण ब्लॉक प्रत्येक कंपनी आपापल्या नेटवर्कवर लावते, सगळ्यांचा एकदम आणि सारखा लागत नाही. म्हणजे आज उघडलं तरी परीक्षा त्याच्या भरवशावर ठेवू नका.

चिनी नोटिसांसाठी गूगल लेन्सने फोटो काढून भाषांतर करता येतं, अगदी अचूक नाही येत पण तारीख आणि विषय कळतो.

उदगीरकर: सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, बाबांचं बँकेचं ॲप त्याच फोनवर आहे, कारण घरात चांगला फोन तो एकच आहे. एपीके उतरवायचा विचार कालच केला होता, बरं झालं विचारलं. बार्शीलाइट दादा, स्क्रीनशॉट काढायला सुरुवात केली, तिने मागच्या ९ क्लासच्या तारखासुद्धा वहीत लिहून ठेवल्या होत्या त्या कामाला आल्या.

परभणीच्या ताई, एक अडचण आहे. बॅचची बाकी भारतीय मुलं शोधायची कशी, ग्रुप तर वुईचॅटबरोबर गेला. तिच्याकडे चारच जणींचे व्हॉट्सॲप नंबर आहेत.

परभणीची_आई: चार पुष्कळ झाल्या. त्या चौघींना प्रत्येकी दोन माहीत असतील. आमच्याकडे तीन मुलांपासून सुरू झालं होतं, एक केरळचा, एक राजस्थानचा आणि माझा. आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर मुलीची नोंद आहे का बघा, नसेल तर करा, तक्रारही तिथंच टाकता येते, बीजिंगच्या आपल्या दूतावासाला पत्राची प्रत पाठवा. मेलचा विषय इंग्रजीत आणि छोटा ठेवा, वर रोल नंबर.

उदगीरकर: अपडेट देतोय. पाच दिवसांत १७ मुलं जमली, त्यातली तीन महाराष्ट्रातली निघाली, एक जालन्याची, एक संगमनेरचा आणि आमची. पत्र रविवारी रात्री गेलं. काल डीन ऑफिसचं उत्तर आलं: रेकॉर्डिंगची लिंक मेलवर देतील, पण मागच्या अटेंडन्सचं विभागप्रमुखांना विचारून सांगतील. म्हणजे ते ९ क्लास अजून लटकलेलेच आहेत. पाकिटातल्या पैशांचं कुणालाच काही माहीत नाही, ते आम्ही सध्या सोडून दिलंय.

आज पहाटे मात्र ती जिन्यात गेली नाही. रेकॉर्डिंग असल्यामुळे दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी बसून सर्जरीचं लेक्चर बघितलं, दोन वेळा मागे घेऊन बघितलं, आईने तर विचारलं आज कॉलेजला सुट्टी आहे का.

आता एकच विचारायचंय. मागच्या अटेंडन्ससाठी विभागप्रमुखांना वेगळं पत्र लिहितोय, त्यात तारखांचा तक्ता आणि स्क्रीनशॉट जोडलेत. इथं कुणाला इंग्रजी पत्र तपासून देता येईल का? दीड पानाचं आहे, आणि सोमवारच्या आत पाठवायचंय कारण मंगळवारपासून त्यांची परीक्षेची यादी लागते. ज्यांना जमेल त्यांनी मला इथंच मेसेज टाका, मी लगेच पाठवतो.